भुतांनी शिकवलेली चिनी

वांग ल्यूलांग हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर हातातलं काम पाच मिनिटं बाजूला ठेवा!

चीनच्या शानदोंग प्रांतात त्झछुआन नावाचं गाव. तिथला शू नावाचा कोळी रात्री नदीवर जायचा तो दारू घेऊनच. स्वतः प्यायचा आणि थोडी जमिनीवर ओतून म्हणायचा, नदीत बुडून गेलेल्यांनो, तुम्हीही घ्या. बाकीच्यांना मासा मिळायचा नाही, याची टोपली मात्र भरलेली. एका रात्री एक तरणा पोरगा, हाच तो वांग ल्यूलांग, येऊन शेजारी बसतो. दोघं पितात, पोरगा खालच्या अंगाला जाऊन मासे याच्याकडे हाकलून आणतो. सहा महिने अशी दोस्ती चालल्यावर तो कबूल करतो, की मी भूत आहे. दारूच्या नशेत इथंच बुडालो. उद्या माझ्या जागी दुसरं कोणी बुडणार आणि मी सुटणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन येते आणि पाण्यात पडते. बाळ काठावर टाहो फोडतंय. शू धावणार, तेवढ्यात त्याला आठवतं, अरे, हीच ती! आणि तो थबकतो. बाई गटांगळ्या खाते, खाते, आणि चक्क स्वतःच काठावर चढून येते. संध्याकाळी भूत पुन्हा हजर. बाळाची दया आली म्हणे. माझ्या एकट्यासाठी दोन जीव कसे घेऊ?

मी हे चीनमधल्या जीनान शहरातल्या वसतिगृहात वाचलं आणि मनाने थेट आमच्या सायखेड्याला पोचले. आमच्या गोदावरीचा पूर टीव्हीवर दाखवला की सायखेडा-चांदोरीचं नाव येतंच. पण त्या नदीची खरी माहिती आम्हाला आजीकडून मिळाली. पाण्यात साती आसरा असतात, डोह माणूस मागतो, तिन्हीसांजेला काठावर जायचं नाही. पण आमच्या डोहातल्या कुणी माणूस मिळत असताना सोडून दिल्याचं आजीने कधी सांगितलं नव्हतं!

मी वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला आलेली. वर्ग इंग्रजीत असले तरी वॉर्डातल्या पेशंटला इंग्रजी येत नाही, म्हणून चिनी शिकणं भाग. पाठ्यपुस्तकात ‘स्टेशन कुठे आहे’ आणि ‘सफरचंद कसे दिले’. जांभया यायच्या. आमच्या लाओशींनी, म्हणजे बाईंनी, ते ओळखलं असावं. त्यांनी आजच्या सोप्या चिनीत सांगितलेली ही गोष्ट हातात दिली. मी शब्दकोश उघडून बसले ती जेवायची विसरले. बाई बुडते की नाही हे कळायचं असेल तर क्रियापदापर्यंत जावंच लागतं!

नंतर बाईंनी मूळ मजकूर दाखवला. तो अभिजात चिनीत, म्हणजे आमच्या ज्ञानेश्वरीसारखा, तिथल्या लोकांनाही टीप लागते. एका ओळीत मोजकी चिन्हं, आणि तेवढ्यात माणूस बुडतो, मरतो, परत येतो. ग्रंथाचं नाव ‘ल्याओजाय जृयी’, जवळपास पाचशे गोष्टी. लेखक पू सोंगलिंग, 1640 ते 1715. हा मनुष्य एकोणिसाव्या वर्षी पहिल्या पायरीच्या परीक्षेत पहिला आला आणि पुढची प्रांतिक परीक्षा त्याला जन्मभर सुटली नाही. ती परीक्षा व्हायची कुठे? जीनानमध्ये! मी जिथे बसून वाचत होते त्या शहरात. श्रीमंताघरी शिकवण्या करत त्याने आयुष्य काढलं. पुस्तक छापलं गेलं ते 1766 साली, तो गेल्यावर.

आणि हे सगळं दुःख त्याने ‘ये’ नावाच्या विद्यार्थ्याच्या गोष्टीत ओतलंय. परीक्षेत आपटून आपटून हा ये आजारी पडतो, बरा होऊन एका मित्राच्या मुलाला शिकवतो, मुलगा पास, मग स्वतःही पास. थाटात घरी जातो तर बायको हातातलं सूप टाकून पळते. अहो, तुम्ही तर कधीच वारलात! शवपेटी आत तशीच पडलेली. मेलेल्याला आपण मेलोय हे कळलंच नव्हतं, अभ्यास चालूच! नीटची दोन-दोन वर्षं काढलेल्यांनी हे एकट्याने वाचू नये.



सुट्टीत घरी आले तर त्याहून मोठा धक्का. ‘कथासरित्सागर’ चाळताना कळलं, की ज्या राजाच्या खांद्यावर वेताळ बसतो तो गोदाकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. सायखेड्याचं पाणी पुढे तिथेच जातं! आणि त्याच पैठणच्या सातवाहन राजाचा मंत्री गुणाढ्य. राजाला संस्कृत किती दिवसांत येईल यावर त्याने पैज लावली. हरला, आणि अटीप्रमाणे संस्कृत, प्राकृत, देशी तिन्ही भाषा सोडून मुका होऊन विंध्याच्या रानात गेला. तिथे पिशाच्चांचं बोलणं ऐकून ऐकून त्यांची भाषा शिकला आणि त्या पैशाचीत, रक्ताने, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. ना शिकवणी, ना पुस्तक, नुसता कान!

राजाने ती नाकारली. गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत जाळत सुटला. ते चरणं सोडून रडत ऐकत बसले, वाळले, आणि त्यांचं सुकं मांस खाऊन राजा आजारी पडला. निदान झालं तेव्हा सहा लाख श्लोक जळाले होते. उरलेल्या लाखाचं पैशाची रूपही आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागरा’त संस्कृतात सांगितलं, ते आपल्याकडे आहे.

आजीला मी ओटीवर बसून ल्यूलांग ऐकवला. तिचा पहिला प्रश्न, ‘मग त्या पोराचं पुढं काय झालं?’ अगं आजी, त्याला बढती मिळाली! देवाघरी दया मोजली गेली आणि लांबच्या एका गावाचा भूमिदेव करून पाठवलं त्याला. आजी म्हणाली, ‘म्हणजे आपला म्हसोबाच की.’ झालं, चिनी वाङ्मयाची परीक्षा ती पास!

आता ‘ल्याओजाय’मधली लू नावाच्या यमदरबारातल्या न्यायाधीशाची गोष्ट सुरू केलीय. हा लू मंदबुद्धी मित्राचं पोट झोपेत फाडतो आणि चांगले निबंध लिहिता यावेत म्हणून त्याचं हृदय बदलतो! आमचं शस्त्रक्रियेचं पुस्तक हृदयरोपण 1967 पासून मोजतं. पुढे हाच लू मित्राच्या बायकोचं डोकंही बदलून देतो म्हणे. तिथवर अजून पोचले नाही, मधे तीन चिन्हं अडलीत.