कातळावरची राहुटी

जुन्या मराठीत तंबूच्या दोरीला तणावा म्हणत आणि ती जिला बांधायची त्या खुंटीला मेख. तणावा आता कोशात जाऊन बसला. मेख मात्र ‘खरी मेख इथेच आहे’ अशा वाक्यांतून, अडचणीच्या अर्थाने, तग धरून राहिली. नाणेघाटाच्या माथ्यावर राहुटी उभारू पाहणाऱ्याला हे दोन्ही अर्थ एकत्रच भेटतात. तिथली खरी मेख अशी, की मेख जमिनीत शिरतच नाही. सह्याद्रीचा हा माथा काळ्या बेसाल्टचा. त्यावर माती कुठे चार बोटे, कुठे तेवढीही नाही.

आम्ही दोघे मराठी शिकवतो आणि हिवाळ्यात, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे हातावेगळे झाले, की जुन्नरच्या पश्चिमेला एखाद-दोन रात्री काढून येतो. गेली काही वर्षे आमच्या पाठीवर पिरॅमिडच्या आकाराची एक नायलॉनची ताडपत्री असते. तिला सांगाडा नाही, तळ नाही. नऊ फुटांचा चौरस पाया, मधोमध एकच काठी (चढणीला हातात असतात त्या दोन काठ्या एकमेकींना बांधल्या की ती तयार होते) आणि बाकी सारे काम ताणाचे. वजन किलोभरही नाही. घुमटाकार तंबू कातळावर नुसता ठेवला तरी स्वतःचा आकार धरून उभा राहतो. हिचे कोपरे मात्र जमिनीने धरले नाहीत तर ती केवळ कापड आहे. चाळिशीनंतर गुडघे ओझ्याचा हिशेब मागू लागतात, म्हणून ही अट आम्ही पत्करली.

आधी कोपरे, मग काठी, हा क्रम. चारही बाजू सारख्या ताणल्या तरी चौरस साधला की नुसताच समभुज चौकोन झाला, हे डोळ्यांना कळत नाही. दोन्ही कर्ण दोरीने मोजून सारखे भरले की कळते. यज्ञवेदी आखणाऱ्या शुल्बसूत्रकारांची सारी भूमिती अशीच खुंटीवर आणि दोरीवर उभी होती. शुल्ब म्हणजेच दोरी. अर्थात त्यांना खुंटी ठोकण्याजोगी जमीन मिळत असणार. आम्हाला खुंटीऐवजी दगड शोधावे लागतात. चार कोपऱ्यांचे चार आणि बाजूंच्या मध्यांचे चार, असे आठ तणावे. प्रत्येकाला दोन दगड. लहान दगडाभोवती दोरीचा फास घालायचा, आणि त्याच्या पुढे, ताडपत्रीच्या बाजूला, दोरीवरच मोठा धोंडा बसवायचा. वारा ओढू लागला की लहान दगड मोठ्याला येऊन भिडतो आणि तिथेच अडतो. बेसाल्टच्या धारेवर दोरी घासू नये म्हणून मध्ये वाळक्या गवताची मूठभर पेंढी.

एवढे तंत्र कोणीही शिकेल. प्रश्न पुढचा आहे: सोळा दगड आणायचे कुठून? लांबून तो माथा दगडांनीच भरलेला दिसतो. जवळ जाऊन पाहिले की त्यातला बराचसा दगड कोणी ना कोणी ठेवलेला असतो. भातखाचराचा बांध, गुरांच्या वाड्याची भिंत, शेंदूर लावलेला देव, पायवाटेची खूण. शिवाय हा जुना व्यापारी घाट. इथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि समोरच्या भिंतीवर त्या घराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्यांची कोरलेली नावे आणि काहींची पावले एवढेच आज उरले आहे. अशा जागी सुटा दिसणारा घडीव दगड आम्ही उचलत नाही, मग तो वजनाला कितीही सोयीचा असो.

घाटघरकडून येणाऱ्या वाटेवर एक मावशी गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. इथे रात्र काढली तर चालेल का आणि दगड कुठले घ्यावेत, असे आम्ही त्यांनाच विचारले. भारा न उतरवता त्या म्हणाल्या, “ऱ्हावा की. पर बांधाचा दगुड नका काढू, मॅडम. पावसाळ्यात तेवढ्याच भोकातून समदी माती जाती. वढ्यात हायेत मोप.” ओढा दोनशे पावलांवर होता. सोळा दगडांच्या आठ-नऊ खेपा झाल्या. सूर्य कलला तेव्हा कुठे काठी उभी राहिली.

कोकणातून चढून येणारा संध्याकाळचा वारा रात्री फिरू शकतो, म्हणून दाराकडच्या तणाव्यांनाही आम्ही थोरलेच धोंडे लावले होते आणि काठी थोडी आखूड करून कापडाच्या कडा कातळाला टेकवल्या होत्या. अडीचच्या सुमारास वारा फिरलाच. पठारावरून थेट दारावर येऊ लागला. आतून पाहिले तर समोरची बाजू फुगून आत येत होती आणि धोंड्यांचा करकर आवाज कातळातून उशाशी पोचत होता. त्या उजाड माथ्यावर दुसरा आडोसा नव्हता. दहिवराने नायलॉन सैल पडते. आम्ही झोपल्या झोपल्या काठी दोन बोटे वाढवली. कापड पुन्हा ताठ झाले, करकर थांबली. मग झोप अशी लागलीच नाही, पण तणावा एकही सुटला नाही.

सकाळी दगड परत ओढ्यात. दगडाखालचे जग अंधाराचे आणि ओलाव्याचे असते, तेव्हा जी बाजू खाली होती तीच खाली, एवढे पथ्य आम्ही पाळतो. शेवटचा धोंडा उचलू गेलो तर त्याच्या बुडाशी एक विंचू रात्रीचा मुक्कामाला आलेला. तो आपणहून निघेपर्यंत आम्ही चहा ठेवला.