मुरबाड ते परळ : टोचलेले आणि वगळलेले

लस कोणाला टोचायची आणि कोणाला मुद्दाम वगळायचे, हा मानवी प्रयोगांतला सर्वांत अवघड प्रश्न. मुंबईत त्याचा इतिहास घडला ती ठिकाणे मुरबाडहून निघून एका दिवसात पाहून होतात. मुरबाडला रेल्वे नाही. एसटी रायत्याला उल्हास नदी ओलांडून कल्याणला आणून सोडते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला, तेव्हा मुंबई सोडणाऱ्यांचे लोंढे याच कल्याणमार्गे देशावर गेले. गाठी आहेत का हे पाहण्यासाठी प्रवाशांची तपासणीही कल्याण स्थानकावर होई.

लोकलने भायखळ्याला उतरले की तुरुंग आणि ग्रँट मेडिकल कॉलेज दोन्ही जवळ. कॉलेजातल्या एका खोलीत, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या मदतीवर वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मात्रा पुढे रूढ झालेल्या मात्रेपेक्षा बरीच मोठी, १० घन सेंटिमीटर. ताप आला, उतरला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला आणि ३० जानेवारीला तयार झालेल्या कैद्यांना लस देण्यात आली. त्यांपैकी दोघांना प्लेग झाला, मेले कोणी नाही. न टोचलेल्यांत बारा जण आजारी पडले, सहा दगावले.

लस गुणकारी ठरली, यात वाद नाही. हाफकिन यांनी कोणावर बळजबरी केली नाही, हेही खरे. तरी कोठडीतल्या माणसाच्या ‘हो’ला मोकळ्या माणसाच्या संमतीचे वजन देता येत नाही. स्वेच्छेची संमती अनिवार्य मानणारी न्यूरेंबर्ग संहिता त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९४७ मध्ये आली.

परळला हाफकिन संस्था जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आहे. प्रयोगशाळा १८९९ मध्ये तिथे हलली. तिथून टाटा मेमोरियल रुग्णालय पायी गाठता येते. या रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी चालवली. पैसा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा. सुमारे दीड लाख स्त्रिया, दोन गट. एका गटाची तपासणी साध्या अॅसिटिक आम्लाने होई : ते लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दुसऱ्या गटाला फक्त आरोग्यशिक्षण. तपासलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले, असे २०१३ मध्ये जाहीर झाले.

देशात तपासणीची सार्वत्रिक सोयच नव्हती, तेव्हा दुसऱ्या गटाकडून काही हिरावले नाही, असे संशोधकांचे म्हणणे. पण गर्भाशयमुखाच्या पेशींच्या पॅप तपासणीने जीव वाचतात हे जगाला कधीचेच ठाऊक होते, त्यामुळे हा बचाव लंगडा वाटतो. सहभागी स्त्रियांना दिलेली माहिती संमतीसाठी अपुरी होती, असा निष्कर्ष खुद्द अमेरिकेच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने काढला.

औषधे आणि लसींच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना निष्पक्ष साक्षीदार हजर असणे त्यांत बंधनकारक आहे. मुरबाड-शहापूरच्या ठाकर-कातकरी पाड्यांवर अशा चाचणीचे पथक आले, तर तो साक्षीदार मागण्याचा हक्क तिथल्या वाचता न येणाऱ्या प्रत्येकाला आहे.