न दिलेल्या इंजेक्शनचं ऋण

तेलीबांध्याला आमचं घर. तलावाकाठच्या रस्त्याला आता सगळं रायपूर मरीन ड्राइव्ह म्हणतं. दादा आज त्या रस्त्यावर फिरायला जातो, ते एका छत्तीसगढी डॉक्टरांमुळे. त्यांनी एक इंजेक्शन दिलं नाही, म्हणून.

दादा मनोविकार विभागात दाखल होता. अस्वस्थतेवरच्या, झोप आणणाऱ्या गोळ्या कित्येक वर्षांच्या, जोडीला नैराश्यावरचं जुन्या पिढीतलं औषध. एका सकाळी तो हाक मारूनही उठेना. गोळ्या साठवून ठेवल्या होत्या, हे नंतर कळलं. नागपूरहून धावत आलेल्या मामांनी नाव शोधूनच आणलं होतं, फ्लुमाझेनिल. "उतारा आहे ना, मग देत का नाही?"

डॉक्टर खुर्ची ओढून मामांसमोर बसले. हे औषध झोपेच्या गोळीला मेंदूतल्या तिच्या जागेवरून हटवतं, माणूस काही मिनिटांत डोळे उघडतो. पण ज्याच्या शरीराला वर्षानुवर्षं गोळीची सवय आहे, त्याला त्या झटक्याने फिट येऊ शकते. नैराश्याचं ते औषधही जास्त पोटात गेलं असेल, तर झोपेच्या गोळीने दाबून ठेवलेली फिट मोकळी सुटते. आणि ती थांबवायला एरवी जे औषध देतात, त्याची वाट उताऱ्यानेच अडवलेली असते. शिवाय उताऱ्याचा जोर तासाभरात ओसरतो, काही गोळ्या मात्र दिवसचे दिवस अंगात राहतात. जागा झालेला माणूस पुन्हा गुंगीत जातो, तेव्हा लक्ष ठेवणारे निर्धास्त झालेले असतात.

त्या डॉक्टरांचं बरोबरच होतं. 2016 साली 13 चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला, त्यातही उतारा दिलेल्यांमध्ये गंभीर त्रास अधिक आढळला. भूल देताना या गोळ्यांच्याच जातीच्या औषधाची मात्रा जास्त झाली आणि रुग्णाला गोळ्यांची सवय नसेल, तर हेच औषध मोलाचं ठरतं.

दादाला ऑक्सिजन लावला, कुशीवर वळवलं, ईसीजी पुन्हा पुन्हा काढले. रात्रपाळीच्या सिस्टर पलंगाजवळून हलल्या नाहीत. आईला म्हणाल्या, "अम्मा, सांस ठीक चल रही है, मैं देख रही हूँ." त्यांचं जागरण हाच त्याचा उपचार होता. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने पाणी मागितलं.

तुमच्या घरी असं घडलं तर 108 ला फोन करा, गोळ्यांची सगळी पाकिटं सोबत न्या, रोजची औषधं कोणती हे डॉक्टरांना सांगा. मन खचलं असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक रात्रीही चालू असतो.