मेहरूणचा समुद्र

मेहरूण तलावाच्या काठी आम्ही उभयता बहुधा रोज सायंकाळी फिरावयास जातो. आमच्या वर्गातील अनेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. कोकणातील कादंबरी शिकवताना गलबत, भरती, नांगर हे शब्द आले की त्यांना समजावण्यासाठी हा तलावच कामी येतो. समुद्र हा कोकणाचा विषय आणि काळी माती, तापी, कपाशी, केळी हे आमचे विषय, अशी वाटणी आम्ही दोघांनीही वीस वर्षे निमूटपणे मानली होती. जून २०२५ मध्ये ती मोडली.

आमच्यापैकी एकाचा धाकटा भाऊ, म्हणजे दुसरीचा दीर, रावेरकडे केळी पिकवतो. पूर्वी त्याचा माल ट्रकने दिल्ली-पंजाबकडे जात असे. आखातात जाणाऱ्या केळीला भाव बरा मिळतो हे वाचून आम्हीच त्याला भरीस घातले. टिश्यू कल्चरची रोपे आली, घडांना पिशव्या आल्या, फ्रूटकेअरचा खर्च आला आणि अर्थातच कर्जही आले. पहिली दोन वर्षे समुद्राने भरभरून दिले. घरावर स्लॅब पडला, पुतणी पुण्याला शिकावयास गेली. आमच्या सल्ल्याचा आम्हांला अभिमानच वाटू लागला होता.

त्या जूनच्या १३ तारखेस इस्रायल-इराण युद्ध पेटले. कापणी तोंडावर आली होती. भावाचा फोन आला : "दादा, व्यापारी म्हणतो आठ दिवस थांबा. जहाज जाईल की नाही, भरवसा नाही म्हणे."

केळीला थांबता येत नाही. निर्यातीचा घड पूर्ण भरण्याआधी, हिरवाच उतरवावा लागतो आणि तेरा-चौदा अंश तापमानाच्या कंटेनरमधून न्हावा-शेव्याला न्यावा लागतो. झाडावर आठ दिवस जास्त राहिला, तर तो वाटेतच पिकतो. आम्ही नकाशा उघडून बसलो. होर्मुझची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर रुंद आहे. आमच्या जळगाव-भुसावळ अंतराहून थोडी अधिक, एवढेच. २०२४ साली जगात वापरल्या गेलेल्या खनिज तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा तेवढ्या फटीतून गेला होता. २४ जूनला युद्धविराम झाला. सामुद्रधुनी त्या वेळी बंद झालीच नाही. पण ती बंद होईल ही धास्ती आमच्या बागेपर्यंत पोहोचायला पुरेशी ठरली. माल बोर्डाच्या भावापेक्षाही कमी दराने उत्तरेच्या ट्रकात चढला.

त्यानंतर आम्ही खानदेशाचा इतिहास नव्या नजरेने चाळू लागलो, आणि थोडी लाजच वाटली. धरणगाव आम्ही दरवर्षी शिकवतो ते बालकवींचे जन्मगाव म्हणून. पण १६७४ च्या सुमारास इंग्रजांनी तेथे वखार घातली होती. इथले कापड सुरतेच्या बंदरातून परदेशी जात असे. पुढे सुरतेचे महत्त्व ओसरले आणि व्यापार मुंबईकडे सरकला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडची कपाशी मिळेना, तेव्हा आमच्याकडच्या कपाशीला सोन्याचे मोल आले. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळला. मुंबईतील बँका आणि सट्टेबाज कसे बुडाले, हे पुस्तकांत सविस्तर सापडते. भाव चढला म्हणून कपाशी पेरणाऱ्याच्या घरी त्या वर्षी काय घडले, हे मात्र शोधावे लागते. आमच्या साहित्यात शेतकरी पाऊस आणि सावकार यांच्यामुळे बुडतो. दूरच्या युद्धामुळे बुडालेला शेतकरी आम्हांला क्वचितच भेटला.

परवा वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, वाढवण बंदर झाल्यावर आपला फायदा होईल ना?" पालघर जिल्ह्यातील त्या ७६,२०० कोटींच्या प्रकल्पाला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. मोठी जहाजे लागतील, माल लवकर सुटेल, असे म्हणतात. आणि ते खरेही असेल. पण तिथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. आमच्या केळीला वाट करून देणारे बंदर त्यांची वाट अडवू शकते. शिवाय बंदर कितीही खोल केले, तरी पलीकडची सामुद्रधुनी रुंद होणार नाही. विद्यार्थ्याला आम्ही एवढेच सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, आमचेही नाही.

गेल्या रविवारी भाऊ घरी आला होता. आम्ही त्याला तलावावर घेऊन गेलो. बराच वेळ पाण्याकडे पाहत तो म्हणाला, "दादा, वहिनी, या वर्षी अर्धी बाग निर्यातीची ठेवतो, अर्धी उत्तरेची. बरोबर आहे ना?"

आम्ही दोघेही गप्प राहिलो. मागच्या वेळी आम्ही फार लवकर उत्तर दिले होते.