नंबर कितवा आला?

माझी मुलगी तिसरीत असताना एका रविवारी सकाळी मला तांदळाच्या डब्यात गणिताचा पेपर सापडला. आमच्या कोंढव्याच्या घरात रविवारचा पुलाव माझ्याकडे असतो, म्हणून तो माझ्याच हाती लागला. चार घड्या घालून तळाशी दाबलेला. उघडून पाहिला. २० पैकी १७ गुण.

मला हसू आलं. हाक मारून विचारलं, "बेटा, ये तो अच्छे मार्क हैं. छुपाए क्यूं?"

ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "अब्बा, सत्रा में नंबर सत्ताईसवां आता है."

मी स्वतः मास्तर. बी.एड. होऊन वीस वर्षं होत आली. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या, एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. दर पालकसभेत सांगतो की मुलांची एकमेकांशी तुलना करू नका. आणि माझ्याच लेकीने तुलनेला भिऊन पेपर तांदळात पुरला होता.

पत्नीला पुण्यात नोकरी लागली, तेव्हा दोघी पुण्याला गेल्या. मी अम्मीसोबत नगरला राहिलो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी धरायची. सुपा, शिरूर, रांजणगाव, वाघोली करत सव्वाशे किलोमीटर. सोमवारी पहाटे परत. शाळा निवडायची वेळ आली तेव्हा मी जास्त विचार केला नाही. सगळ्यांच्या तोंडी जिचं नाव होतं, जिथे प्रवेश मिळणं सर्वांत अवघड, तीच चांगली शाळा. शाळा किती मुलांना परत पाठवते, यावरून मी तिची किंमत ठरवली. निवडून घेतलेल्या हुशार मुलांना पुढे नेणं त्या मानाने सोपं असतं, हे मास्तर असून मला सुचलं नाही.

तिथे प्रवेशाआधी 'ओळख' नावाचा कार्यक्रम झाला. मुलीला आत नेऊन वाचायला लावलं. आम्हाला विचारलं, "वडिलांचं शिक्षण कोणत्या माध्यमात?" मी म्हणालो, "उर्दू." समोरच्या बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ मला पाठ आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळेला २५ हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या प्रत्येक वेळेला ५० हजारांपर्यंत. २००९ च्या या कायद्याचं प्रशिक्षण मी घेतलंय. पण मी गप्प बसलो, कारण मला ती जागा हवी होती. प्रवेश मिळाला तेव्हा मिठाईही वाटली.

मग दर शुक्रवारी चाचणी आणि रात्री पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबरांची यादी. सोमवारी सकाळी मुलीचं पोट दुखायचं. मला वाटायचं, बाहेरचं खाण्यानं होत असेल. पेपर सापडला त्या दिवशी पत्नी म्हणाली, "तुम्ही पहाटेच्या गाडीने निघून जाता. ते पोट मी दर सोमवारी बघते."

शाळा बदलायची म्हटल्यावर सगळ्यात जास्त विरोध केला भाईजानने. तो नगरला टेलरिंगचं दुकान चालवतो, अब्बांचंच. म्हणाला, "अपने लोगां को दुगना भागना पडता है, तब बराबरी में आते. और तू बच्ची को चलना सिखा रहा?"

त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालातले आकडे मीच त्याला कधीतरी सांगितले होते. २००१ च्या जनगणनेनुसार देशाची साक्षरता ६५.१ टक्के, मुसलमानांची ५९.१. मी त्याला मौलाना आझादांचं उदाहरण दिलं. १९४२ पासून ते आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैद होते, 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रं तिथेच लिहिली. ते शाळेत गेले नाहीत, घरीच शिकले, तरी देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. भाईजानने मशीन थांबवलं. "मौलाना के अब्बा आलिम थे. अपने अब्बा टेलर थे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्पर्धा सोडून देणं हा पोट भरलेल्यांचा शौक असतो, हे खरंच आहे. माझ्या वर्गातली बरीच मुलं मजुरांची आहेत. त्यांच्यासाठी परीक्षा हीच शिडी. पण परतीच्या गाडीत शिरूरपर्यंत विचार करत आलो. शिडी लागतेच, पण आठ वर्षांची मुलगी रोज शिडीच्या खालच्या पायरीवर उभी राहून स्वतःला सत्ताविसावी म्हणत असेल, तर ती चढणार कशी? १७ गुणांच्या त्या पेपरात तीन गणितं चुकली होती. ती का चुकली, हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं. यादी लागली आणि पुढचा धडा सुरू झाला. माझी हरकत या गोष्टीला होती. धावणं असो की चालणं, शिकवणं व्हायला हवं.

त्या उन्हाळ्यात आम्ही पुण्यात चार शाळा पाहिल्या. अक्षरनंदनसारख्या वेगळी वाट धरणाऱ्या शाळा पुण्यात आहेत, पण आमच्या घरापासून ते अंतर लहान मुलीसाठी रोजचं नव्हतं. मी शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहून मुलं कशी बाहेर पडतात ते पाहिलं. वह्या मागितल्या आणि लाल शाईने नुसती फुली आहे की पुढे काही लिहिलंय ते बघितलं. यूडायस क्रमांक विचारून मान्यता तपासली. शिक्षक किती वर्षं टिकतात ते विचारलं. आणि सगळीकडे एकच प्रश्न ठेवला: तिसरीतल्या मुलाला वाचता येत नसेल तर तुम्ही काय करता?

तीन ठिकाणी उत्तर आलं, "पालकांना क्लास लावायला सांगतो." चौथ्या शाळेत एका बाईंनी टेबलाच्या खणातून वही काढली. त्यात पाच मुलांची नावं होती आणि प्रत्येकासमोर आठवड्यात काय वाचून घेतलं त्याची नोंद. कोंढव्यातलीच दुमजली शाळा, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी, बाहेर दहावीच्या गुणवंतांचा फलक नाही. मैदान लहान आहे, संगणकाची खोली बऱ्याचदा बंदच असते, आणि मुलीचं इंग्रजी बोलणं जुन्या शाळेतल्या मैत्रिणींइतकं सफाईदार नाही. हे सगळं बघूनच नाव घातलं. या वेळी मिठाई वाटली नाही. ओळखीच्या एकाने तर विचारलं, "तिथून काढलं का तिला?"

आता ती पाचवीत आहे. सोमवारची पोटदुखी दिवाळीपर्यंत गेली. पुढे दहावी आहे, त्यानंतरच्या प्रवेशपरीक्षा आहेत. तिथे नंबर लागणारच. तेव्हा आमचा निर्णय बरोबर ठरेल की भाईजानचा, मी आज छातीठोक सांगू शकत नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या हातात होती, ती केली. इतकी वर्षं मीही चाचणीनंतर वर्गात नंबर मोठ्याने वाचत होतो. पालकसभेत एक आणि वर्गात दुसरं. ते बंद केलं. आता एकेकाला टेबलाशी बोलावतो आणि चुकलेलं एक वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतो. वेळ जातो, अभ्यासक्रम थोडा मागे पडतो.

परवा भाईजानने पुण्याला फोन केला आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "नंबर कितवा?"

मुलगी म्हणाली, "बडे अब्बू, चौदा मिले बीस में. छह गलत थे, उस में से चार अब आते हैं."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "और दो?"

"वो कल," ती म्हणाली.