पोलादनगरीतला तंबुरा

नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं, की गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकत आपण भिलाईला पोहोचतो. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. सेक्टरांत आखलेली वसाहत, रुंद रस्ते, नोकरीसाठी देशभरातून आलेली माणसं. अशा गावाला स्वतःचं गाणं असेल का? आहे, आणि ते कारखान्याहून कितीतरी जुनं आहे. त्याचं नाव पंडवानी!

पंडवानी म्हणजे छत्तीसगढीतलं महाभारत. गायकासोबत ‘रागी’ असतो. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो आणि कथा रंगत जाते. आपल्याकडच्या कीर्तनाची आठवण यावी, असाच हा थाट. पूर्वी बायकांनी गायचंच, तर बसून गायचं. उभं राहून, अभिनयासह गायची कापालिक शैली पुरुषांची मानली जाई.

भिलाईपासून १४ किलोमीटरवरच्या गनियारीतल्या तीजनबाईंनी हा रिवाज मोडला. आजोबांचं गाणं ऐकून त्या शिकल्या. तेराव्या वर्षी पहिला कार्यक्रम केला, बिदागी १० रुपये. बाईमाणसाने असं गावं, हे पारधी जमातीला रुचलं नाही. तिला वाळीत टाकलं गेलं. झोपडी बांधून ती एकटी राहिली, शेजाऱ्यांकडून भांडीकुंडी मागून आणली, पण गाणं सोडलं नाही. पुढे रंगकर्मी हबीब तन्वीर यांनी तिचं गाणं ऐकलं आणि तिला मोठं व्यासपीठ मिळालं. हातातला तंबुरा कधी भीमाची गदा, कधी अर्जुनाचं धनुष्य होई. भिलाईच्या पोलाद कारखान्याने तिला नोकरी दिली. २००३ साली पद्मभूषण आणि २०१९ साली पद्मविभूषण हे सन्मान मिळाले.

गरिबांच्या गाण्याचं नशीब जगभर असंच दिसतं. ब्राझीलमधला सांबा घ्या. रिओच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत तो वाढला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्यामागे पोलिसांचा ससेमिरा असे. १९३०च्या दशकात तोच सांबा देशाचा अभिमान ठरला. आधी हाकलायचं, मग मिरवायचं!

भिलाईला गेलात, तर भारत-सोव्हिएत मैत्रीच्या नावाने उभी राहिलेली मैत्रीबाग मुलांना जरूर दाखवा. पण जवळपास पंडवानी असेल, तर तीही चुकवू नका. आणि घरातली एखादी पोर मोठ्याने गाऊ लागली, तर तिला गप्प करण्याआधी गनियारीची ती झोपडी आठवा.