एक व्यवहार, दोन खतावण्या

खतावणी म्हणजे व्यवहारांची खातेनिहाय मांडणी. कीर्दीत नोंद तारखेच्या क्रमाने होते. खतावणीत तीच नोंद भाडे, पगार, बँक, येणे, देणे अशा खात्यांखाली जाऊन बसते आणि खात्यांच्या बाक्यांवरून तेरीज निघते. कागदी वह्यांच्या काळात एका पेढीची मुख्य खतावणी एकच असे. आजच्या मोठ्या कंपनीच्या संगणकप्रणालीत एकाच कंपनीच्या दोन-तीन मुख्य खतावण्या शेजारी शेजारी चालतात. ‘दुसरी वही’ म्हटले की आपल्याकडे लपवलेला हिशेब आठवतो. इथे दोन्ही वह्या उघड असतात, लेखापरीक्षक दोन्ही पाहू शकतो आणि बहुतेक नोंदींमागे एकच बिल, एकच पावती असते. बदलतो तो फक्त हिशेबाचा नियम.

प्रस्तुत लेखकाची या रचनेशी ओळख चाकणच्या एका कारखान्याच्या लेखा विभागात झाली. कारखान्याची मूळ कंपनी जर्मन आणि हिशेबाची प्रणाली एसएपी. मूळ कंपनीला समूहाचा एकत्रित ताळेबंद आंतरराष्ट्रीय मानकांनुसार, म्हणजे आयएफआरएसनुसार, हवा होता आणि तिचे वर्ष जानेवारी ते डिसेंबर होते. भारतात 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे वर्ष 31 मार्चला संपते. शिवाय कारखान्याचे शेअर बाजारात नोंदलेले नव्हते आणि त्याची निव्वळ संपत्ती 250 कोटी रुपयांपेक्षा कमी होती. त्यामुळे 2016 पासून टप्प्याटप्प्याने आलेली ‘इंड एएस’ मानके त्याला लागू झाली नाहीत आणि भारतातले हिशेब आधीच्याच लेखामानकांनुसार राहिले. दोन नियम आणि दोन वर्षे, म्हणून दोन खतावण्या.

त्यांपैकी पहिली लीडिंग लेजर, म्हणजे प्रमुख खतावणी. एसएपीत तिचा संकेत ‘झिरो एल’ असतो आणि प्रत्येक कंपनीला ती असतेच. समूहाचा नियम सहसा हिच्यात ठेवतात. दुसरी नॉन-लीडिंग लेजर, म्हणजे समांतर खतावणी. तिला स्वतःचे आर्थिक वर्ष देता येते. कारखान्यात प्रमुख खतावणी कॅलेंडर वर्षावर आणि स्थानिक खतावणी एप्रिल-मार्चवर होती. त्यामुळे ऑक्टोबर महिना पहिलीत दहावा कालावधी ठरे आणि दुसरीत सातवा. तिसरा प्रकार एक्स्टेन्शन लेजर, म्हणजे जोडखतावणी. ती एखाद्या पायाभूत खतावणीवर बेतलेली असते आणि तिच्यात फक्त जादा किंवा दुरुस्तीच्या नोंदी राहतात. अहवाल काढताना प्रणाली पायाभूत खतावणी आणि जोडखतावणी यांची बेरीज करून दाखवते. एखाद्या अहवालापुरत्याच थोड्या नोंदी वेगळ्या ठेवायच्या असतील, तर सगळे व्यवहार पुन्हा साठवण्यापेक्षा हा मार्ग सोयीचा पडतो.

या मुख्य खतावण्यांच्या खाली सहायक खतावण्या असतात: ग्राहकांची, पुरवठादारांची आणि स्थिर मालमत्तेची. पुरवठादाराच्या खात्यावर बिल चढले की त्याची रक्कम आपोआप मुख्य खतावणीतल्या नियंत्रण खात्यात जाते. या नियंत्रण खात्यात हाताने थेट नोंद करता येत नाही. म्हणून सहायक खतावणीची बेरीज आणि नियंत्रण खात्याची बाकी यांचा ताळमेळ टिकून राहतो.

प्राप्तिकराचा घसारा मात्र बहुतेक ठिकाणी मुख्य खतावणीत उतरत नाही. त्यासाठी मालमत्तेच्या सहायक खतावणीत घसाऱ्याचा स्वतंत्र विभाग ठेवतात. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण यंत्रांचे आयुष्य 15 वर्षे धरले आहे. प्राप्तिकरात तेच यंत्र मालमत्तेच्या गटात जाते आणि घटत्या बाकीवर 15 टक्के घसारा मिळतो. पहिल्या वर्षी वापर 180 दिवसांपेक्षा कमी झाला, तर दर निम्मा होतो.

एसएपीत अनेक समांतर खतावण्यांची सोय 2004 च्या आवृत्तीबरोबर आलेल्या नव्या जनरल लेजरमध्ये झाली. त्याआधी एकाच खतावणीत दुहेरी खाती उघडून, एक समूहासाठी आणि एक स्थानिक कायद्यासाठी, काम भागवत. 2015 मध्ये आलेल्या एस-फोर हाना या पिढीत सर्व खतावण्यांच्या ओळी ‘युनिव्हर्सल जर्नल’ नावाच्या एकाच तक्त्यात जमा होऊ लागल्या. तिथे प्रत्येक ओळीवर खतावणीचा संकेत असतो, त्यामुळे अहवालात खतावणी निवडली की तिच्याच ओळी समोर येतात.

नोंद कोणत्या खतावणीत जाणार हे ‘लेजर ग्रुप’ या रकान्यावर ठरते. रकाना रिकामा ठेवला की नोंद सर्व खतावण्यांत जाते. त्यात एखादा गट भरला की नोंद फक्त त्या गटातल्या खतावण्यांत बसते. रोजची कामे, म्हणजे खरेदीबिले, विक्री, बँक, पगार, रकाना रिकामा ठेवूनच होतात, कारण हे व्यवहार दोन्ही नियमांना समान आहेत. रकाना भरायचा तो नियम वेगळा पडतो तिथे. क्लोजिंगच्या दिवसांत कारखान्यात ‘लेजर ग्रुप टाकला का?’ हा प्रश्न टेबलाटेबलांवर ऐकू येई.

नियम ठळकपणे वेगळा पडणारी बाब म्हणजे भाडेपट्टा. कारखान्याने एक गोदाम पाच वर्षांसाठी दरमहा 2 लाख रुपये भाड्याने घेतले होते. स्थानिक मानकाप्रमाणे हे सरळ भाडे, वर्षाला 24 लाख खर्च. समूहाच्या खतावणीत मात्र 1 जानेवारी 2019 पासून लागू झालेला आयएफआरएस 16 चालतो. त्यानुसार गोदाम वापरण्याचा हक्क ही मालमत्ता ठरते आणि पुढची भाडी हे देणे ठरते. हिशेब सोपा राहावा म्हणून भाडे वर्षाअखेर एकदम दिले जाते आणि व्याजदर 9 टक्के आहे असे धरू. पाच भाड्यांचे आजचे मूल्य सुमारे 93.35 लाख येते. पहिल्या वर्षी 18.67 लाख घसारा आणि 8.40 लाख व्याज मिळून 27.07 लाख खर्च पडतो, म्हणजे स्थानिक खतावणीपेक्षा 3.07 लाख जास्त. पाचव्या वर्षी व्याज 1.98 लाखांवर येते आणि खर्च 20.65 लाख होतो, म्हणजे 3.35 लाख कमी. पाच वर्षांची बेरीज दोन्हीकडे 1 कोटी 20 लाखच भरते. कोणत्या वर्षाच्या नफ्यावर किती भार पडतो, एवढाच फरक.

प्रणालीत हे दोन पायऱ्यांत होई. घरमालकाचे बिल पुरवठादाराच्या खात्यावर चढे, त्यावर जीएसटी आणि टीडीएस लागे, आणि ते दोन्ही खतावण्यांत जाई. मग महिनाअखेरीस फक्त समूहाच्या खतावणीत दुसरी नोंद पडे: भाडेपट्ट्याचे देणे नावे, भाडेखर्च जमा. त्यामुळे समूहाकडे भाडे शून्य होई आणि स्थानिक खतावणीत 2 लाख राहत.

एका मार्चअखेरीस स्थानिक तेरजेत गोदामाचे भाडे 24 ऐवजी 22 लाख दिसले. टीडीएसच्या 26क्यू विवरणांत त्याच घरमालकाच्या भाड्याची बेरीज पूर्ण 24 लाख होती. एखादे बिल चढवायचे राहिले असावे हा पहिला तर्क, पण पुरवठादाराच्या खात्यावर बाराही बिले होती. मग दोन्ही खतावण्यांचे भाडेखाते महिन्यामहिन्याने समोरासमोर ठेवले. दोन्हींची वर्षे वेगळी असल्यामुळे कालावधीचे क्रमांक जुळत नव्हते, म्हणून नोंदीची तारीख धरून एप्रिल ते मार्च असा तक्ता केला. अकरा महिन्यांत फरक 2 लाख. ऑक्टोबरमध्ये फरक शून्य.

सुगावा त्या शून्याने दिला. एरवी लेखापाल फरक शोधतो आणि शून्य दिसले की पुढे जातो. इथे शून्य हीच चूक होती. ऑक्टोबरची दुसरी नोंद करताना लेजर ग्रुप भरायचा राहिला होता, म्हणून भाड्याची उलटी नोंद स्थानिक खतावणीतही गेली होती. ती नोंद प्रस्तुत लेखकाच्याच हातची होती. दुसरी खूण भाडेपट्ट्याच्या देणे खात्यात होती. स्थानिक खतावणीत हे खाते कोरे हवे, तिथे 2 लाखांची नावे बाकी पडून होती.

अशा वेळी मूळ नोंद उलटवून नव्याने करावी हा विचार सहज सुचतो. पण रकाना रिकामा असलेली नोंद उलटवली की ती समूहाच्या खतावणीतही उलटते. समूहाचे ते वर्ष डिसेंबरलाच बंद झाले होते आणि तिथला ऑक्टोबरचा आकडा बरोबर होता. स्थानिक वर्ष मात्र अजून चालू होते. म्हणून दुरुस्ती फक्त स्थानिक गटात, मार्चच्या तारखेने झाली: भाडेखर्च नावे 2 लाख, भाडेपट्ट्याचे देणे जमा 2 लाख. संदर्भात ऑक्टोबरच्या नोंदीचा क्रमांक लिहिला. भारतातल्या कंपन्यांच्या हिशेबप्रणालीत प्रत्येक बदलाचा माग राखणे 1 एप्रिल 2023 पासून सक्तीचे आहे. पण माग प्रणाली राखते. कारण माणसालाच लिहावे लागते, आणि दोन वर्षांनी कागद उघडणाऱ्याला तेच उपयोगी पडते.

त्यानंतर कारखान्यात दर महिन्याच्या क्लोजिंगला एक तक्ता होऊ लागला. त्यात पाच रकाने: खाते, समूहाची बाकी, स्थानिक बाकी, फरक, कारण. भाडेपट्टा, घसारा, तरतुदी, अशी प्रत्येक फरकाला ओळखीची कारणे असतात आणि त्यांची अपेक्षित रक्कम आधीच काढता येते. बँक, पगार, जीएसटी यांसारख्या समान खात्यांत फरक पडायलाच नको. तक्ता पुरा झाल्यावर दोनच प्रकारच्या ओळींवर खूण होते: जिथे फरक आहे पण कारण लिहिता येत नाही, आणि जिथे कारण आहे पण फरक आलेला नाही.